ओकहँगरचे भूकेंद्र : उपग्रह बदलत गेले, जागा कशी टिकली?

प्रश्न सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. सेमिनारसाठी त्यांनी लष्करी उपग्रह दळणवळणाच्या एखाद्या भूकेंद्राचा इतिहास हा विषय घेतला आहे, पण हाती लागते ती सगळी माहिती उपग्रहांची आणि प्रक्षेपणांची, जमिनीवरच्या केंद्राबद्दल दोन ओळींपलीकडे काही मिळत नाही, अशी त्यांची अडचण आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. उपग्रह पाच-पंधरा वर्षांत निकामी होतो, मग १९६० च्या दशकातले भूकेंद्र आजही चालू कसे? तिथली माणसे नेमके काय करतात? आणि खालच्या कक्षेत हजारो उपग्रह फिरत असताना अशा केंद्रांची गरज उरेल का? याखेरीज सोलापुरात बसून करता येईल असा एखादा प्रयोगही त्यांना हवा आहे.

मी सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झालो आणि नोकरीचा मोठा काळ उपग्रह टर्मिनलच्या देखभालीत घालवला. आपल्या देशाच्या लष्करी केंद्रांबद्दल मी इथे लिहिणार नाही. नौदलासाठीचा जीसॅट-७ २०१३ साली आणि हवाई दलासाठीचा जीसॅट-७ए २०१८ साली सोडला गेला हे जगजाहीर आहे, त्यापुढे जाण्याचे मला कारण नाही, आणि सेमिनारमध्ये तुम्हीही जाऊ नये असा माझा सल्ला आहे. त्याऐवजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातले ओकहँगर हे केंद्र घ्या. पन्नासहून अधिक वर्षे ते चालू आहे, ब्रिटनच्या स्कायनेट उपग्रहमालिकेचे ते मुख्य नियंत्रण केंद्र राहिले आहे, आणि त्याच्या वाटचालीचा बराच भाग आता उघड नोंदींत आला आहे. मात्र त्याची सुरुवात समजण्यासाठी आधी अमेरिकेत डोकावावे लागते.

१९६० च्या सुमारास अमेरिकी लष्कराने ॲडव्हेंट नावाची योजना हाती घेतली होती. भूस्थिर कक्षेत (जिथे उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि जमिनीवरून एकाच जागी दिसतो) भारी वजनाचे दळणवळण उपग्रह ठेवायचे आणि जमिनीवर न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स व कॅलिफोर्नियातील कॅम्प रॉबर्ट्स येथे साठ फूट व्यासाच्या डिश उभारायच्या, असा तो बेत होता. उपग्रह कागदावरच वाढत गेला, त्याला पेलणारे रॉकेट वेळेत तयार होईना, खर्च हाताबाहेर गेला आणि १९६२ साली योजना गुंडाळली गेली. डिश मात्र उभ्या राहिल्या होत्या! ज्या उपग्रहासाठी त्या बांधल्या तो कधी उडालाच नाही, तरीही त्या वाया गेल्या नाहीत. जुलै १९६३ मध्ये नासाने सिन्कॉम-२ हा दळणवळण उपग्रह सोडला, तेव्हा जमिनीची बाजू सांभाळण्याचे काम संरक्षण खात्याच्या याच यंत्रणेकडे आले. किंग्सपोर्ट नावाचे जहाज डिशसह नायजेरियातील लागोसच्या बंदरात उभे करण्यात आले आणि २३ ऑगस्ट १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि नायजेरियाचे पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांचे या उपग्रहामार्गे बोलणे झाले. कॅम्प रॉबर्ट्स येथे उपग्रह दळणवळणाचे काम आजही चालते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते : जमिनीवरची गुंतवणूक एका उपग्रहाशी बांधलेली नसते.

पुढचा टप्पा १६ जून १९६६ चा. त्या दिवशी टायटन-३सी रॉकेटने सात छोटे लष्करी दळणवळण उपग्रह एकदम कक्षेत सोडले आणि पुढच्या दोन वर्षांत यशस्वी उपग्रहांची संख्या २६ वर गेली. प्रत्येकाचे वजन पन्नास किलोंच्या आत. ते भूस्थिर कक्षेच्या किंचित खाली, सुमारे ३४,००० किलोमीटर उंचीवर, मुद्दाम सरकते ठेवले होते, त्यामुळे जमिनीवरून पाहता एकेक उपग्रह दिवसाला तीसेक अंश सरकत क्षितिज ओलांडून जाई. एका केंद्राला तो साधारण साडेचार दिवस दिसायचा, मग दुसरा पकडायचा. या उपग्रहांना जमिनीवरून आज्ञा देण्याची सोयच नव्हती. ते स्वतःभोवती फिरत, आलेला सिग्नल वाढवून परत पाठवत आणि आयुष्य संपले की आतल्या टायमरने आपोआप बंद होत. उपग्रह असा मुका-बहिरा असला की सगळी हुशारी जमिनीवर लागते. आता कोणता उपग्रह वर आहे, किती वेळ राहील, दुसऱ्या टोकाच्या केंद्रालाही तोच दिसतो आहे का, दोघांनी कोणत्या मिनिटाला एकदम डिश वळवायच्या, हे सगळे वेळापत्रकावर चाले. व्हिएतनाममधून टेहळणीची छायाचित्रे वॉशिंग्टनला पोचवण्याचे काम याच यंत्रणेने केले. ब्रिटन या प्रयोगात भागीदार होता. दक्षिण किनाऱ्यावरील ख्राइस्टचर्च येथील सिग्नल्स संशोधन संस्थेने चाळीस फुटी डिश लावून हात बसवून घेतला आणि तिथे मिळालेले ज्ञान ओकहँगरच्या कामी आले. माझ्या मते ओकहँगरचा खरा पाया हाच, कारण तिथल्या पहिल्या पिढीने आज्ञा न ऐकणाऱ्या उपग्रहांवर धडे गिरवले होते.

आता ओकहँगरचीच जागा का, ते पाहू. बोर्डन या जुन्या छावणीच्या गावाजवळचा हा ग्रामीण भाग आहे. तिथे शाही हवाई दलाच्या १००१ सिग्नल्स युनिटने काम सांभाळले. भूकेंद्रासाठी जागा निवडताना पाहायच्या गोष्टी फारशा बदललेल्या नाहीत. दक्षिणेचे आकाश मोकळे हवे, कारण उत्तर गोलार्धातून भूस्थिर उपग्रहांची कमान दक्षिणेला दिसते. जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह दुव्यांचा त्रास टाळायला गाव-शहरांपासून अंतर हवे, आणि आजूबाजूला उंचवटे असतील तर ते आडव्या दिशेने येणारा नको तो सिग्नल अडवतात. शिवाय वीज, रस्ता आणि मुख्यालयापर्यंतची तारेची जोड हवी. सोलापूरच्या माणसाला यातला पहिला मुद्दा सहज जाणवत नाही. आपल्या अक्षांशावर, साडेसतरा अंशांवर, आपल्याच रेखांशावरचा उपग्रह जवळजवळ ६९ अंश उंचीवर, म्हणजे डोक्याकडेच असतो, त्यामुळे शेजारच्या इमारतीआडूनही आपली डिश भागते. ओकहँगर ५१ अंश उत्तरेला आहे. तिथून समोरचा उपग्रहसुद्धा ३१-३२ अंशांवरच दिसतो, आणि हिंदी महासागरावरचा, समजा ५० अंश पूर्व रेखांशावरचा, १५ अंशांच्या आसपास, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून पाहावा तसा. इतक्या खाली पाहायचे म्हणजे सिग्नलला वातावरणाचा जाड थर तिरका कापत यावे लागते, पावसाची झीज वाढते आणि तापलेल्या जमिनीचा आवाज, म्हणजे नको तो रेडिओ-गोंगाट, डिशच्या कडेतून आत शिरतो. ब्रिटनला त्या काळी नेमके पूर्वेकडेच पाहायचे होते, कारण संदेश सुएझपलीकडच्या तळांना पोचवायचे होते.

स्कायनेट-१ए हा उपग्रह २२ नोव्हेंबर १९६९ रोजी डेल्टा रॉकेटने केप केनेडीहून निघाला. भूस्थिर कक्षेतल्या अगदी सुरुवातीच्या लष्करी दळणवळण उपग्रहांपैकी हा एक. तो अमेरिकेत फिल्को-फोर्डने बांधला होता आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वर ठेवला गेला. यातला एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे : सुएझच्या पूर्वेकडून सैन्य काढून घेण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने १९६८ च्या जानेवारीतच जाहीर केला होता. ज्या तळांसाठी उपग्रह मागवला ते तळ आवरते घेतले जात असतानाच उपग्रह जागेवर पोचला. दुसरा, स्कायनेट-१बी, १९७० मध्ये सुटला, पण त्याला अंतिम कक्षेत ढकलणारी मोटर नीट चालली नाही आणि तो वाया गेला. म्हणजे पहिल्या मालिकेचा सगळा भार एका उपग्रहावर आणि त्याला सांभाळणाऱ्या एका केंद्रावर आला.

आधीच्या सरकत्या उपग्रहांपेक्षा ओकहँगरचे काम इथे मुळातच वेगळे झाले. या उपग्रहाला आज्ञा देता येत होत्या, म्हणून केंद्राच्या दोन बाजू झाल्या आणि आजही प्रत्येक लष्करी केंद्रात त्या दिसतात. एक बाजू वाहतुकीची : संदेश वर पाठवणे, खाली घेणे, त्यांचे कूट बांधणे-सोडवणे, आणि कोणाला किती क्षमता द्यायची ते ठरवणे. दुसरी बाजू उपग्रहाच्या तब्येतीची : बॅटरीचा विद्युतदाब, सौरपट्ट्यांतून येणारा प्रवाह, तापमान, फिरण्याचा वेग यांची टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाकडून येणारी मोजमापे, वाचत राहणे आणि गरजेप्रमाणे थ्रस्टर, म्हणजे त्याची छोटी रॉकेट-इंजिने, उडवून त्याला जागेवर आणणे. वाहतूक बंद पडली तर तासाभरात ओरड होते. दुसऱ्या बाजूला ढिलाई झाली तर कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येते तेव्हा वेळ गेलेली असते.

यंत्रसामग्रीकडे जरा जवळून पाहू, कारण सेमिनारमध्ये परीक्षक इथेच अडवतात. लष्करी उपग्रह बहुतांशी एक्स बँड वापरतात. जमिनीवरून वर ७.९ ते ८.४ गिगाहर्ट्झ, वरून खाली ७.२५ ते ७.७५ गिगाहर्ट्झ. पावसाचा त्रास इथे डीटीएचच्या केयू बँडपेक्षा बराच कमी असतो. परतीच्या पावसात सोलापुरात घरोघरी डीटीएचचे चित्र फुटते, तितक्याच पावसात एक्स बँडचा दुवा सहसा तग धरतो. चाळीस फुटी, म्हणजे १२.२ मीटरच्या डिशचा किरण ८ गिगाहर्ट्झला जेमतेम ०.२ अंश रुंद असतो, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. भूस्थिर म्हटला तरी उपग्रह रोज आपल्या जागेभोवती थोडा डोलतो, त्यामुळे एवढ्या बारीक किरणाच्या डिशला सतत त्याचा माग ठेवावा लागतो. गच्चीवरची साठ सेंटिमीटरची डिश एकदा घट्ट आवळून विसरता येते, कारण केयू बँडमध्ये तिचा किरण तीनेक अंश रुंद असतो. खाली येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की पहिल्याच ॲम्प्लिफायरने स्वतःचा आवाज त्यात मिसळला तर पुढे काही हाती लागत नाही, म्हणून त्या काळी हे ॲम्प्लिफायर अतिथंड करून चालवत आणि त्यांच्या शीतयंत्राची निगा हा एक स्वतंत्र धंदाच असे. वर पाठवण्याच्या बाजूला याच्या अगदी उलट स्थिती असते, तिथे क्लायस्ट्रॉनसारख्या नळ्या किलोवॅटमध्ये शक्ती ओकत असतात. एकाच डिशमधून दोन्ही कामे चालतात, फक्त फिल्टर त्यांना वेगळे ठेवतात.

या सगळ्यात बाहेरच्या माणसाला जिची कल्पनाही नसते अशी एक वस्तू सांगतो. ट्रान्समीटरपासून डिशच्या फीडपर्यंत जाणारी वेव्हगाइड ही आयताकृती पोकळ धातूची नळी असते, आणि तिच्यात सतत कोरडी हवा किंचित दाबाने भरलेली ठेवावी लागते. हे काम एक छोटे यंत्र करते. खोलीच्या कोपऱ्यात ते ठरावीक वेळाने घरघरत सुरू होते आणि बंद पडते. कुठे सील सैल झाले की ते जास्त वेळा सुरू होऊ लागते. ड्युटीवरचा अनुभवी माणूस मीटर पाहण्याआधी त्या घरघरीच्या अंतरावरून गळती ओळखतो. दुर्लक्ष झाले तर ओलावा आत जातो, आतला मुलामा काळा पडतो, जास्त शक्तीला आत ठिणगी पडते आणि महागडी नळी जळते. सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी हा त्रास पावसाळ्यापुरता राहील. इंग्लंडच्या ओलसर हवेत तो बारमाही आहे. भूकेंद्राचा इतिहास लिहिणारे प्रक्षेपणाची तारीख लिहितात, पण केंद्र चालते ते अशा यंत्रांवर आणि त्यांच्या नोंदवहीवर.

आता १९७४ कडे या. माझ्या दृष्टीने ओकहँगरच्या वाटचालीतला हा सर्वात बोलका प्रसंग आहे. जानेवारीत स्कायनेट-२ए सुटला. डेल्टा रॉकेटच्या वरच्या टप्प्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक मंडळात शॉर्ट सर्किट झाले आणि उपग्रह ठरल्या कक्षेऐवजी एका खालच्या, लंबगोल कक्षेत अडकला, जिचे सर्वात खालचे टोक शंभर किलोमीटरच्याही खाली, म्हणजे वातावरणाला घासत होते. सर्किट बोर्डवरचा लेप कमी दर्जाचा होता, असे चौकशीत निघाले. उपग्रह भूस्थिर कक्षेसाठी, केंद्र भूस्थिर उपग्रहासाठी, डिश हळू वळण्यासाठी, आणि लक्ष्य मात्र आकाशातून सुसाट पळते आहे, अशी ती स्थिती होती. तरीही भूकेंद्रांनी तो शोधला, त्याचा माग धरला आणि टेलिमेट्री वाचली. त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे थेट कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून सौरपट्ट्यांतून येणाऱ्या प्रवाहाच्या चढउतारावरून सूर्याशी त्याचा कोन काढला आणि त्यावरून त्याची ठेवण ताडली. वाचवणे शक्य नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याच्याच थ्रस्टरच्या मदतीने त्याला वातावरणात उतरवून जाळण्यात आले. सगळा खेळ जानेवारीतच आटोपला. अपयशी मोहीम म्हणून पुस्तकांत याला एक ओळ मिळते. भूकेंद्राच्या बाजूने पाहिले तर न शिकवलेल्या परिस्थितीत केलेले हे पहिल्या दर्जाचे काम होते.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला गेलेला स्कायनेट-२बी ठरल्या जागी पोचला. तो पोर्ट्समथ येथे मार्कोनीने बांधला होता आणि अमेरिका व सोव्हिएत संघाबाहेर तयार झालेला तो पहिला दळणवळण उपग्रह मानला जातो. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, जवळपास वीस वर्षे त्याने साथ दिली. या दीर्घायुष्याचे श्रेय बांधणाऱ्यांना जितके आहे तितकेच जमिनीवरून काटकसरीने इंधन वापरणाऱ्यांनाही आहे, असे मी म्हणेन. इंधन वर भरता येत नाही. एक थ्रस्टर उगाच उडवला की त्याचे काही आठवडे कायमचे गेले.

उलट उदाहरण स्कायनेट-१ए चे. आज तो मृतावस्थेत अमेरिका खंडाच्या बाजूला, सुमारे १०५ अंश पश्चिम रेखांशावर डोलत आहे. आफ्रिकेच्या पूर्वेकडे ठेवलेला उपग्रह आपोआप तिकडे गेला नसता. कोणीतरी त्याला तिकडे सरकवले असले पाहिजे. अलीकडे संशोधकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा दिसले की १९७७ च्या जूनमध्ये ओकहँगरच्या नजरेआड गेल्यावर त्याला शेवटच्या आज्ञा अमेरिकेतून दिल्या गेल्या होत्या. नेमके कोणी, कशासाठी हलवले याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. ज्यांनी ड्युटी बदलताना चार्ज दिला-घेतला आहे त्यांना यात काही गूढ वाटणार नाही. वाहतूक संपलेल्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या उपग्रहाचा ताबा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जातो, त्या दिवशी कोणाला त्याचे महत्त्व वाटत नाही, आणि नोंदवहीत जेमतेम एक ओळ पडते. आज नियम असा आहे की निवृत्त भूस्थिर उपग्रह काही शे किलोमीटर वर, वापराबाहेरच्या कक्षेत ढकलावा. तेव्हा तो रिवाज रुळलेला नव्हता. परिणामी हा पत्र्याचा जुना डबा अजूनही चालत्या उपग्रहांच्या रस्त्यात आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

स्कायनेट-३ झालाच नाही. सैन्य पूर्वेकडून परतले, खर्चाला कात्री लागली आणि ब्रिटनने अमेरिकी व नाटोच्या उपग्रहांवर भिस्त ठेवली. ओकहँगरला मात्र काम उरले. नाटोचे उपग्रह १९७० पासून वर होते आणि नाटोचे स्वतंत्र टर्मिनलही याच परिसरात होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या आणि आता अमेरिकी अवकाश दलाच्या हाती असलेल्या उपग्रह नियंत्रण जाळ्यातले एक केंद्रही इथे आहे, आणि त्या जाळ्यात त्याचे सांकेतिक नाव ‘लायन’ आहे. स्वतःचा नवा उपग्रह नसताना केंद्र जिवंत राहिले ते या शेजारपणामुळे. आपल्याकडच्या यंत्रमाग कारखान्यांत जुने माग जाऊन नवे येतात, पण शेड, विजेची जोड आणि सुताची नस ओळखणारा कारागीर तिथेच राहतो, तसा हा प्रकार आहे.

परावलंबन किती महाग पडते ते १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात दिसले. हजारो मैलांवर दक्षिण अटलांटिकमध्ये ताफा पाठवला, पण तिथे पोचणारा स्वतःचा पुरेसा उपग्रह दुवा नव्हता, अमेरिकी क्षमतेवर अवलंबून राहावे लागले. ४ मे रोजी शेफिल्ड या विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. त्या वेळी जहाजावरून उपग्रहामार्गे संदेश चालू होता आणि त्या प्रेषणामुळे शत्रूच्या रडारची चाहूल देणारे जहाजावरचे उपकरण निकामी ठरले होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. हानीची कारणे आणखीही होती. पण उपग्रह टर्मिनल म्हणजे नुसती सोय नसते, ते त्याच जहाजावरच्या दुसऱ्या यंत्राला आंधळेही करू शकते, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

त्यानंतर स्कायनेट-४ ला वेग आला. पहिला उपग्रह अमेरिकी अवकाश शटलमधून, सोबत ब्रिटिश अंतराळवीरासह न्यायचा होता, पण २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर दुर्घटना झाली आणि तो बेत बारगळला. शेवटी ४बी आधी, डिसेंबर १९८८ मध्ये, एरियन रॉकेटवर गेला. ४ए आणि ४सी १९९० मध्ये गेले. नाटोने १९९१ आणि १९९३ मध्ये सोडलेले चौथ्या पिढीचे दोन उपग्रह याच बांधणीचे होते आणि त्यांचेही नियंत्रण ओकहँगरकडे आले. एकाच साच्याचे उपग्रह, एकच आज्ञाप्रणाली, एकच प्रशिक्षण, त्यामुळे केंद्राचे काम वाढले तरी गुंता वाढला नाही.

२००३ साली कारभाराचा ढाचाच बदलला. सरकारने उपग्रह विकत घेण्याऐवजी सेवा विकत घ्यायचे ठरवले आणि पॅराडाइम या खासगी कंपनीशी दीर्घ करार केला. ओकहँगरसह भूकेंद्रे तिच्याकडे गेली. स्कायनेट-५ चे तीन उपग्रह २००७-०८ मध्ये आणि चौथा डिसेंबर २०१२ मध्ये गेला. उरलेली क्षमता इतर मित्रदेशांना भाड्याने देण्याची मुभाही कंपनीला होती. हा प्रयोग यशस्वी की महागडा यावर इंग्लंडात अजून वाद आहे. माझे मत असे की यंत्रे खासगी हातात गेल्याने फारसे बिघडत नाही, पण बारा-पंधरा वर्षे एकाच खुर्चीवर बसलेला माणूस करार बदलताना सुटून गेला तर मोठे नुकसान होते. २०२३ मध्ये भूकेंद्रे चालवण्याचे कंत्राट पॅराडाइमची मालक कंपनी असलेल्या एअरबसऐवजी बॅबकॉक या कंपनीला मिळाले, त्या बदलात कर्मचारीही हस्तांतरित झाले, ते शहाणपणाचेच होते.

आता खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या झुंडीबद्दल. त्यांनी विलंब कमी होतो. भूस्थिर उपग्रहामार्गे एका बाजूने बोललेला शब्द दुसरीकडे पोचायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि उत्तर येईपर्यंत अर्धा. खालच्या कक्षेत हा प्रश्न जवळजवळ मिटतो. पण भूकेंद्रांची संख्या त्यामुळे कमी होत नाही, उलट जगभर जास्त लागते, कारण प्रत्येक उपग्रह काही मिनिटांतच नजरेआड जातो. उपग्रहांदरम्यान लेझर दुवे आले तरी शेवटी कुठेतरी जमिनीवर उतरावेच लागते. आणि लष्कराला हवी असलेली एक गोष्ट, म्हणजे जॅमिंग (शत्रूने मुद्दाम केलेला रेडिओ-गोंगाट) सुरू असतानाही किमान आज्ञा पोचवणारा दुवा, यासाठी मोठी डिश, भरपूर शक्ती आणि रुंद पट्ट्यात पसरवलेला सिग्नल यांची जोडी अजून मोडलेली नाही. ब्रिटननेही २०२० मध्ये स्कायनेट-६ए ची मागणी नोंदवली, तीही भूस्थिर उपग्रहाचीच.

राहिला प्रयोग. आपल्या भागाला उपग्रह नवे नाहीत. १९७५-७६ मध्ये साइट या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून २,४०० खेड्यांत थेट दूरदर्शन पोचले, त्यात आपल्या सीमेला लागून असलेल्या गुलबर्गा आणि विजापूर जिल्ह्यांतली गावे होती. तुम्ही घरातल्या डीडी फ्री डिशवर काम करा. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापूरहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर आणि ६१ अंश उंचीवर येतो. हे आकडे सूत्राने स्वतः काढून पाहा. मग वर्षातून दोनदा येणारा सूर्यव्यत्यय पकडा, म्हणजे सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन डिशमध्ये आपला आवाज ओततो ती वेळ. सोलापूरसाठी तो १३ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सकाळी अकराच्या सुमारास येतो. ओकहँगरला हाच व्यत्यय मार्चच्या अगदी सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याकडे येतो, कारण अक्षांश जास्त असला की उपग्रह विषुववृत्ताच्या आणखी दक्षिणेला सरकलेला दिसतो. आकाश निरभ्र असलेले चार-पाच दिवस सेट टॉप बॉक्सवरचा सिग्नल क्वालिटीचा आकडा दर मिनिटाला लिहून काढा, आलेख मांडा आणि दरीच्या रुंदीवरून तुमच्या डिशच्या किरणाची रुंदी काढा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो आणि त्याची स्वतःची रुंदी अर्धा अंश आहे, एवढे धरले की गणित सुटते. तीन अंशांच्या जवळपासचे उत्तर आले तर मोजणी नीट झाली असे समजा. फारच मोठे आले तर आधी डिशची दिशा तपासा, कारण चुकलेल्या डिशची दरी पसरट आणि एका बाजूला कललेली येते.